आठ पावलांवरचे गजाभाऊ

पोर्ट्रेटसाठी कुठली लेन्स घेऊ, असं मला आठवड्यातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतं. अलिबागला माझा स्टुडिओ आहे, मुंबईच्या कपडेवाल्यांची कॅटलॉगं मी काढतो, त्यामुळे मला यातलं फार कळतं असा लोकांचा समज आहे. मीही तो मोडत नाही. खुर्चीत मागे टेकून विचारतो, "फोटो कोणाचा काढणार?" समोरचा गोंधळला की शांतपणे सांगतो, "आधी चेहरा आण, मग लेन्स विचार." ऐकणारा भारावून जातो. यातला एक शब्दही माझा नाही. प्रश्न गजाभाऊंचा, उत्तर गजाभाऊंचं, खुर्चीत टेकून बसणं तेवढं माझं. गजाभाऊ कधी टेकून बसत नसत.

गजानन म्हात्रे. किहीमला मोठ्या रस्त्यावरून समुद्राकडे वळलं की नारळाच्या वाडीत त्यांचं घर. घराची पुढची पडवी म्हणजे स्टुडिओ. पाटीवर नुसतं ‘म्हात्रे फोटो’, तेही उन्हाने विटलेलं. माणूस काळा, काटक, केस तेल लावून मागे फिरवलेले, आणि कामावर पाय अनवाणी. लग्नाच्या हॉलमध्ये जाताना भाऊ दारातच चपला काढून ठेवायचे, आणि पाहुण्यांना वाटायचं, काय हा भाविक माणूस! भाविक वगैरे काही नव्हतं. त्यांना पावलं मोजायची असायची.

ती पावलं म्हणजे चालण्याची पावलं नव्हेत. ज्याचा फोटो काढायचा त्याच्यासमोर भाऊ उभे राहत, पाठ करून वळत, आणि टाचेला अंगठा लावत एकामागे एक पाऊल टाकत जात. एक, दोन, तीन... आठ. आठव्या पावलावर गर्रकन वळत आणि कॅमेरा डोळ्याला लावत. त्यांची लेन्स होती पंच्याऐंशी मिलिमीटरची, आणि चेहरा, मान, खांदे या लेन्सला आठ पावलांवरून जसे दिसतात तसेच ते देवाने केलेले असतात, असं त्यांचं मत होतं. डिजिटल कॅमेरे आले, छोट्या सेन्सरची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, हाती आली, तेव्हा त्याच लेन्समध्ये चेहरा मोठा दिसू लागला. मग भाऊंनी बारा पावलं केली. पण चिडून. "चार पावलं जास्ती कशाला? तवढ्यात मानूस अनोलखी व्हतो," असं म्हणत त्यांनी पहिली संधी मिळताच मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी घेतली आणि पुन्हा आठवर आले.

माझी त्यांची ओळख झाली ती एका नाकामुळे. मी नुकतं दुकान टाकलं होतं. पोयनाडकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला स्थळांसाठी फोटो काढायला घेऊन आले होते. मी नवीन कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली झूम लावली, जागा कमी म्हणून ती पार रुंद केली, मुलीच्या तोंडाशी गेलो आणि चार फोटो काढून दिले. मुलगी दिसायला चांगली, नाक जरा सरळ आणि धारदार. माझ्या फोटोत ते नाक आधी घरात येत होतं आणि मुलगी मागाहून. दोन ठिकाणांहून नकार आला तेव्हा बाप दुकानात आला, फोटो माझ्या काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "माझी पोर अशी हाय व्हय? व्हय रं?"

पंधरा दिवसांनी तोच बाप पुन्हा आला. या वेळी काही आपटलं नाही. नुसता एक फोटो समोर ठेवला आणि निघून गेला. तीच मुलगी, तेच नाक. पण आता त्या नाकामुळेच तो चेहरा कोणाच्याही लक्षात राहिला असता. डोळ्याची एकेक पापणी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि कानाच्या मागे सगळं विरघळून गेलेलं. मी फोटो उलटा केला. मागे शिक्का होता, ‘म्हात्रे फोटो, किहीम’. मी दुकान बंद करून स्कूटरला किक मारली.

मला वाटलं होतं, भाऊ शिकवतील, पाठ थोपटतील. भाऊंनी माझा फोटो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू बायकोच्या तोंडाशी पन असाच घुसतो काय?" पडवीत चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, चंद्रावहिनी, हसू दाबत आत पळाल्या. भाऊ हसले नाहीत. "जवल गेलं का नाक मोठं दिसनारच. त्यात त्या पोरीचा काय दोष? लांब रहा. आठ पावलं. मानूस तितक्यावरनंच खरा दिसतो." असं ते पुढे मला शंभर वेळा म्हणाले असतील.

तिरसट माणूस. गिऱ्हाइकाला चहा पाजणार आणि त्याच कपात त्याचा अपमान करणार. कुणी विचारलं, भाऊ, कुठली बॉडी घेऊ, की त्यांचं ठरलेलं होतं. "बॉडी म्हंजे जावई. दर दोन वर्सांनी त्याला नवा मान पायजे. लेन्स म्हंजे बायको. रुसंल, पन घर सोडनार न्हाय. पैका बायकोवर घाल." आतून वहिनींचा आवाज यायचा, "माझ्यावर कवा घातला ते सांगा पयलं!" यावर मात्र भाऊ लेन्स पुसायला घ्यायचे. कारण खरोखरच त्यांच्या घरात सगळ्यात जास्त लाड त्या लेन्सचेच होते.

ती लेन्स त्यांना मिळाली तीही फोटोपायी. भाऊंचे वडील किहीमच्या एका पारशी बाबांच्या वाडीत माळीकाम करायचे. बाबांची बायको गेली, मुलं परदेशात, बंगल्यात एकटे. एक दिवस त्यांनी भाऊंना बोलावून ही लेन्स हातात ठेवली. जपानी, सगळी धातूची, हाताने रिंग फिरवून फोकस करायची. "गजा, मारो फोटो काढ. बैरी गेली, आता मला कोन बघते," म्हणाले. भाऊंनी तो फोटो काढला आणि लेन्स त्यांची झाली. त्या रिंगवर, आठ पावलांच्या अंतराला जिथे फोकस येतो तिथे, त्यांनी ब्लेडने एक बारीक खाच पाडून ठेवली होती. अंधारात चाचपडलं तरी अंगठ्याला लागेल अशी.

आमच्याकडची हवा खारी. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि मग ती काच कामातून जाते. मुंबईवाले त्यासाठी विजेची कपाटं ठेवतात. भाऊंकडे पितळेचा एक डबा होता. वहिनी तांदूळ कोरडे भाजून गार करून त्यात भरायच्या, त्यावर जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यात गुंडाळून लेन्स ठेवायची, वरून घट्ट झाकण. दर पंधरवड्याला तांदूळ पुन्हा भाजायचे. वीस वर्षांत त्या काचेला बुरशीचा ठिपका लागला नाही. हे मी खात्रीने सांगू शकतो. का ते पुढे येईल.

फॅशनवाल्यांचा आणि भाऊंचा प्रसंग सांगितलाच पाहिजे. किहीमच्या किनाऱ्यावर मुंबईची एक मोठी मंडळी कपड्यांचं शूटिंग करायला आली होती. स्थानिक सोय बघायला मी होतो आणि जोडीला भाऊंना नेलं होतं. त्यांचा फोटोग्राफर सहा लेन्सा, दोन बॉड्या आणि आठ माणसं घेऊन आलेला. तो वाळूत आडवा पडून रुंद लेन्सने खालून फोटो काढत होता. मला वाटलं, आता भाऊ भडकतील. पण भाऊ मान हलवून म्हणाले, "बरोबर करतो तो. पाय लांब दिसतात, पायजमा झोकदार दिसतो. फॅशनमंदी कपडा इकायचा असतो, सुध्या, मानूस न्हाय."

दुपार झाली, तोंडाचे जवळून फोटो काढायची वेळ आली, आणि त्या गड्याने तीच लेन्स ठेवली. मॉडेल मुलगी दमलेली, उन्हाने डोळे बारीक झालेले. भाऊंना राहवलं नाही. सरळ पुढे जाऊन म्हणाले, "साहेब, जरा दमानं घ्या. तोंडाला ही लेन्स नको." सगळे थबकले. मी जमीन दुभंगून पोटात घेते का बघत होतो. पण कपडेवाल्या बाई गमतीत म्हणाल्या, "काका, आप लेके दिखाओ." भाऊंनी फडक्यातून लेन्स काढली, माझ्या बॉडीवर चढवली, मुलीसमोर पाठ केली आणि वाळूत टाचेला अंगठा लावत निघाले. एक, दोन, तीन. मागून ती मुलगी खुदकन हसली. असा चालणारा माणूस तिने जन्मात पाहिला नसेल. आठव्या पावलाला भाऊ वळले तेव्हा ते हसू तिच्या ओठांवरून उतरत होतं आणि डोळ्यांत तेवढं राहिलं होतं. एकच फोटो काढला. "झालं," म्हणाले.

तोच फोटो निवडला गेला. वडखळच्या पुढे रस्त्याच्या कडेला घराएवढ्या होर्डिंगवर लागला, खाली कोपऱ्यात मुंबईच्या फोटोग्राफरचं नाव. मी संतापलो, फोन करतो, भांडतो, म्हणालो. भाऊंनी स्कूटर थांबवायला सांगितली, मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पापनी शार्प हाय." एवढंच. घरी येईपर्यंत पुन्हा तो विषय नाही. त्या वेळी मला वाटलं, किती मोठा माणूस. आज वाटतं, दुसऱ्याचं नाव खाली लिहून त्यांचा फोटो वापरता येतो, हे मी त्या दिवशी तिथे उभं राहून शिकलो.

मग काही वर्षांनी त्यांचे फोटो बिघडायला लागले.

पहिल्यांदा मला कळलं ते एका हळदीत. आम्ही दोघांनी मिळून काम घेतलं होतं. नवरीच्या फोटोत कानातला झुबा लखलखीत आणि डोळे मऊ, धुरकट. लेन्सचं भोक दोनच्या आकड्यापर्यंत मोठं उघडलं की फोकसची जराशी चूकही पुरते. बोटभर पुढेमागे झालं की पापणी जाते आणि कान राहतो. एखादा फोटो कोणाचाही जातो. पण चाळीसांतले तीस? भाऊ म्हणाले, "बॉडी म्हातारी झाली." बॉडी बदलली. पुढच्या लग्नात तेच. "हिच्या आतला आरसा सरकलाय." पुन्हा बदलली. जावयांवर जावई झाले. जो माणूस दुनियेला सांगत होता की बॉडीवर पैका घालू नका, तो दीड वर्षात तिसरी बॉडी घेऊन बसला होता, आणि प्रत्येक वेळी सल्ला माझा होता.

चहात तीन चमचे साखर, जेवणानंतर गूळ, लग्नात जिलबीचं ताट. वहिनी ओरडायच्या. रक्तातली साखर वाढल्याचं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. पेपर वाचणं भाऊंनी सोडलं होतं. "सगला खोटेपना छापतात," म्हणायचे.

शेवटी त्यांनी लेन्सची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवायचं, समोर कॅमेरा स्टँडवर ठेवायचा, पानाचा फोटो काढायचा आणि अक्षरं तपासायची. अक्षरं कोपऱ्यापर्यंत कापल्यासारखी आली तर लेन्स चांगली. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आठ पावलं मोजून स्टँड लावला. भाऊंनी फोटो काढला, स्क्रीनवर मोठा केला आणि त्यांचा चेहराच पडला. "बघ. मधल्या वली वाकड्या येतात. लाटा आल्यावानी. आतलं भिंग हाललंय."

मी पाहिलं. ओळी पट्टीने आखाव्यात तशा सरळ होत्या.

मी काही बोलायच्या आत ते उठले, भिंतीपाशी गेले आणि तळहाताने ते पान दाबू लागले. मधोमध, पुन्हा पुन्हा. "का हा पेपरच नीट चिकटला न्हाय? फुगलाय मदी?" पान भिंतीला चपखल बसलेलं होतं. कुठे फुगा नव्हता. भाऊ सपाट कागद सपाट करत होते.

त्या क्षणी मला कळलं. मला काही डॉक्टरकीचं ज्ञान नाही, पण एवढं कळायला ते लागत नाही. कॅमेऱ्यात वाकडं दिसतं ते लेन्समुळे असेल, पण भिंतीवरचा कागद नुसत्या डोळ्यांनी वाकडा दिसत असेल तर दोष कशात आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मला एकच वाक्य बोलायचं होतं. भाऊ, लेन्स ठीक आहे, उद्या आपण डोळे दाखवून येऊ.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला माझं पहिलं मोठं कॅटलॉग मिळालं होतं. बायकांच्या साड्या, सगळे चेहऱ्याचे फोटो. माझ्याकडे तशी काच नव्हती, तशी काच आता बनतही नाही, आणि ती माझ्यासमोर दोन हातांवर स्टँडवर बसलेली होती. भाऊ मागे वळले. "तू सांग सुध्या. तुजे डोले तरुन हायेत. लेन्स गेली ना?"

मी म्हणालो, "गेली, भाऊ."

म्हणताना माझा आवाज कापला नाही. उलट त्यात जरा दुःखही होतं. मानभावीपणा जमायला मला सराव लागला नाही. पुढचं आपोआप घडलं. माझ्याकडे आदल्याच वर्षी घेतलेली बॉडी होती. समोरच्या माणसाचा डोळा स्वतः शोधून फोकस करणारी, आणि तिच्याबरोबरची साधी झूम. मी म्हणालो, "ही तुम्ही घ्या. रिंग फिरवायला नको, काही नको. लेन्स मला द्या, मुंबईत कोणी दुरुस्त करतं का बघतो, नाहीतर आठवण म्हणून ठेवतो." भाऊंनी लेन्स फडक्यात गुंडाळली. माझ्या हातात देताना म्हणाले, "बायकोला म्हातारपनी माहेरी धाडतोय." वहिनी दारात होत्या. त्यांना त्या दिवशी हसू आलं नाही. तांदळाचा डबा मात्र त्यांनी दिला नाही आणि मीही मागितला नाही.

दुरुस्त काय करायची होती? मी घरी आलो, मधे जोडणीची एक रिंग लावून ती माझ्या दुसऱ्या बॉडीवर बसवली आणि माझ्या बायकोचा फोटो काढला. पापणी न् पापणी. माझं साड्यांचं कॅटलॉग गाजलं. पुढचं मिळालं, त्याच्या पुढचं मिळालं. लोक विचारायचे, चेहऱ्याला हा उजेड, ही माया कुठून आणता? मी म्हणायचो, अनुभव.

भाऊंच्या हातात गेलेली बॉडी दीड-दोन वर्षं चांगली चालली. ती डोळे शोधायची आणि भाऊ बटण दाबायचे. फोटो शार्प यायला लागले, भाऊ खुलले, मला फोन करून म्हणाले, "जावई बरा निघाला रं." मी स्वतःचं समाधान करून घेतलं, की बघ, म्हाताऱ्याचं भलंच झालं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं.

मग चौंढीकडच्या एका घरातली हळद. नवरीचे वडील वर्षभरापूर्वी गेलेले. घरच्यांनी त्यांचा हार घातलेला मोठा फोटो नवरीच्या पाठीमागे भिंतीवर, तिच्या खांद्याच्या वर येईल असा लावला होता. वडलांच्या समोर हळद लागावी म्हणून. गर्दीत बायका हळद लावायला वाकत होत्या, मुलीचं तोंड झाकलं जात होतं, डोळ्यांत हळद जाते म्हणून ती डोळे मिटून घेत होती. आणि त्या हुशार बॉडीने दोन उघडे, स्थिर डोळे शोधून काढले. भिंतीवरचे. तिने ते धरले आणि मग सोडलेच नाहीत. दीडशे फोटो. प्रत्येकात मेलेला बाप कोरल्यासारखा स्पष्ट, आणि पुढ्यात पिवळा धुरकट गोळा, म्हणजे नवरी. कोणाही फोटोग्राफरला हे पहिल्या तीन फोटोंत स्क्रीनवर दिसलं असतं. भाऊंना दीडशेमध्येही दिसलं नाही.

लग्न होऊन गेलेलं, हळद पुन्हा लावता येत नाही. मुलीचा काका भर नाक्यावर भाऊंना म्हणाला, "म्हाताऱ्या, आंधला हायेस काय?" शिवी म्हणून म्हणाला होता. भाऊ घरी आले आणि वहिनींना म्हणाले, "उद्या डोल्याच्या डागदरकडं जाऊ."

साखरेने दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खाल्ला होता. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते टिकवू, गेलेलं येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंचसं वाचलं असतं. वहिनींनी हे मला फोनवर सांगितलं. दोन वर्षं. मी बोटांवर मोजलं, भिंतीवरचं ते पान कधी चिकटवलं होतं ते. मोजायची काही गरज नव्हती. मी फोनवर म्हणालो, "अरेरे."  त्यानंतर तीन वर्षं मी किहीमला गेलो नाही. कामं होती असं मी सांगायचो, आणि कामं खरंच होती, त्यांच्याच लेन्सची.

मागच्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या फोटोग्राफर मंडळींनी जुन्या लोकांचा सत्कार करायचं काढलं. बॅनरसाठी भाऊंचा फोटो हवा होता. जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. सगळे म्हणाले, सुधीर, तू त्यांचा माणूस, तूच काढ. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. बॅगेत दुसऱ्याही लेन्सा होत्या. मी तीच का लावून नेली? त्यांना दिसणार नाही, हा हिशोब त्यात होताच. पण त्यांचा चेहरा दुसऱ्या काचेतून काढायची लाजही वाटली. दोन्ही खरं आहे.

भाऊ पडवीत बसले होते, तसेच ताठ, न टेकता. मी "भाऊ" म्हणालो तर त्यांनी तोंड माझ्याकडे न करता बाजूच्या खांबाकडे केलं. मी चरकलो. चंद्रावहिनी म्हणाल्या, "भावजी, तसंच करतात आता. समोर बघितलं का मदी काला डाग येतो. बाजूला बघतात, तेवा समोरचं जरा दिसतं."

"सुध्या हाय," खांबाकडे पाहत भाऊ म्हणाले. "जाडा झालास."

मी कॅमेरा काढला. त्यांनी हात पुढे केला. "कुठली बॉडी? बघू दे." कॅमेरा त्यांच्या हातात देताना मला वाटलं होतं ते बॉडी चाचपतील. बोटं सरळ लेन्सवर गेली. त्या थंड धातूवरून फिरली, रिंगवर आली, आणि अंगठा हळूहळू फिरत एका जागी थांबला. खाचेवर. वहिनी आत चहा टाकत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता.  भाऊ अंगठा तिथेच ठेवून बसले. मग रिंग फिरवून ती खाच जागेवर आणली आणि कॅमेरा मला परत दिला.

"आठ पावलं," म्हणाले. "आता काढ."

मी चपला काढल्या. पाठ करून टाचेला अंगठा लावत गेलो आणि वळलो. फोकसला हात लावला नाही. एकच फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून पाहिला.

"पापनी दिसते?"

खोटं बोलायची आणखी एक संधी होती. "दिसते, भाऊ."

"शार्प?"

"एकेक."

त्यांनी मान डोलावली.  "मंग त्या दिवशी पेपर पन बरोबरच आला असंल," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मी कॅमेरा बंद केला. माफी मागायला मी तिथे तीन वर्षं उशिरा पोचलो होतो, आणि पोचूनही मागितली नाही. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. त्यांनी आत हाक मारली, "चंद्रे, तांदलाचा डबा आन."

वहिनींनी पितळेचा डबा आणला. घासून लख्ख केलेला. "तुमी लेन्स नेली तरी दर पंधरा दिवसांनी भाजून घ्यायला लावतात," त्या मला म्हणाल्या, "म्हनतात, दुरुस्त होऊन येईल तेवा तयार पायजे." भाऊंनी डबा चाचपला, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि माझ्याकडे सरकवला. "घिऊन जा. पाऊस तोंडावर आलाय. तुझ्याकडं तिला बुरशी लागंल."

लेन्स परत द्यावी, हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणता येणार नाही. सुचलं. कॅमेऱ्यावरून काढायला एक झटका पुरतो. मी डबा उचलला, बॅग खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरलो. पुढच्या आठवड्यात दोन कॅटलॉगं होती.

अंगणात आल्यावर मात्र मला पुढे जाववेना. मी वळून उभा राहिलो. भाऊ पडवीच्या कडेला खांबाला धरून उभे होते. त्यांच्यात आणि माझ्यात आठ पावलांचं अंतर असेल, कदाचित नऊ. त्यांचं तोंड माझ्या डाव्या बाजूच्या माडाकडे होतं, आणि ते बराच वेळ, डोळे न मिटता, त्या माडाकडेच बघत राहिले.